नाव न घेतलेला घाव

क्लिमेक स्तिर्चुला घर बांधायला घ्यायचा तेव्हा खोल्या किती हव्यात, हे कधी विचारत नसे. आधी तो त्या माणसाच्या जुन्या घरी जाऊन जेवायचा. कोण कुठे बसतं, उठताना कशाचा आधार घेतं, कुठल्या खिडकीतून कुणाची वाट पाहिली जाते, हे सगळं मान वर न करता बघून घ्यायचा. मग एकच प्रश्न.

रोझालियालाही त्याने तोच विचारला. "पोरी, रागावलीस की कुठे जाऊन बसतेस?"

"गोठ्यात," ती म्हणाली. "सासूबाईंच्या घरात दुसरी जागा कुठाय, काका?"

क्लिमेकने अंगणातल्या भुशात काठीने चौकोन ओढला आणि चुलीजवळ एक रेघ मारली. "हा तुझा बाक. पाठीला ऊब, तोंड दाराकडे. कुणी आलं तर राग गिळायला तीन पावलांचा वेळ मिळेल."

नकाशा म्हणून एवढाच. रोझालियाचा नवरा श्चेपान शिकागोत राबत होता. मूल नोव्हेंबरात होणार होतं, आणि ते या घरात व्हावं, गोठ्याशेजारी नको, एवढं तिचं मागणं होतं.

तात्राच्या डोंगरांखालच्या त्या गावात क्लिमेकची एकतीस घरं उभी होती. स्प्रूसचे ओंडके उभे चिरायचे, एकावर एक आडवे रचायचे, कोपऱ्यात खाचेत खाच अडकवायची आणि फटीत लाकूड तासताना निघालेल्या सालपटांची पिळलेली दोरी ठोकून बसवायची. भिंतीत खिळा नाही. "घर एकमेकांच्या वजनावर उभं राहतं," तो म्हणायचा, "लग्नासारखं." त्यावर त्याची बायको ब्रोंका म्हणायची, "वजन माझं आणि उभा हा."

पण सगळ्याच्या आधी पहिला घाव. सर्वांत खालच्या ओंडक्यावर कुऱ्हाड पडते, तेव्हा सुताराने तो घाव मनातल्या मनात कुणाच्या तरी नावावर घालायचा. घर उभं राहताना कुणाचा तरी जीव मागतं. चांगला सुतार म्हणतो, उंदरांवर. जेवायला शिळं वाढलं म्हणून घरमालकावर घाव घालणारेही होऊन गेले. पण सर्वांत वाईट तो नाव न घेतलेला घाव. तो भुकेला राहतो, आणि त्या छताखाली जो पहिल्यांदा झोपेल त्याला धरतो. यावर क्लिमेकचा विश्वास होता का? पाद्रीबाबांनी विचारलं तर तो नाही म्हणायचा. कुऱ्हाड उचलली की मात्र उंदीर म्हणायचा.

भिंती खांद्याच्या वर गेल्या होत्या तेव्हा बटाट्याच्या गरम भाकऱ्या घेऊन आलेली रोझालिया थट्टेत म्हणाली, "काका, माझ्या घरचा घाव कुणावर घातलात?"

क्लिमेकचा हात थांबला.

पहिल्या घावाच्या सकाळी त्याने कुऱ्हाड उचलली होती आणि नेमकी तेव्हाच ही कुंपणापाशी ओरडली होती, "काका, लाथ मारली हो! पहिल्यांदा!" तो हसला होता. सख्ख्या नातवाने लाथ मारावी तसा हसला होता. आणि हसताहसताच घाव पडला होता. मनात कुणीच नव्हतं.

"उंदरांवर," तो म्हणाला. "आणखी कुणावर?"

भिंती उतरवून खालचा ओंडका बदलायचा, तर तीन आठवडे. ऑक्टोबरात बर्फ. त्याने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि पुढचा ओंडका उचलला. पुढचे दिवस तो इतका चांगला वागू लागला की जोडीदार वालेक घाबरला. "म्हाताऱ्या, आज एकदाही शिवी दिली नाहीस. बरं वाटत नाही का?"

छताच्या फळ्या बसल्या त्या दुपारी क्लिमेकने वालेकला घरी पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

कोबीचा आंबट रस्सा घेऊन ब्रोंका आली. नवरा सालपटांच्या ढिगावर मेंढीचं कातडं अंथरून पडला होता, हात छातीवर, चर्चमध्ये प्रेताचे ठेवतात तसे.

"काय रे, पडलास का कुठून?"

"झोपलो होतो."

"दुपारचा? तू?"

मग त्याला सांगावं लागलं. ब्रोंकाने भांडं खाली ठेवलं.

"मला न विचारता?"

"यात काय विचारायचं?"

"सेहेचाळीस वर्षं तुझे मोजे मी रफू करते. मोज्याला मी लागते, आणि मरायला नाही?"

"हळू बोल गं."

"तू झोपलाच नाहीस. तू झोपलास की घोरतोस, पलीकडच्या कुरणातली मेंढरं उठतात. मी वाटेवरून आले, काही ऐकू आलं नाही."

"डोळा लागला होता थोडा."

"थोडा ना? मग उरलेला माझा. सरक."

गुडघे कडकडवत ती खाली बसली, आडवी झाली, डोक्याचा रुमाल सोडून उशाला घेतला. क्लिमेकला तिला उठवायचं होतं. पण तिने त्याची बाही मुठीत धरली होती. ताज्या लाकडाचा चीक भिंतीवर थेंबाथेंबाने उतरत होता. त्याच्या मनात आलं, मरण इथवर आलंच, तर त्याला दोघांतून एक निवडावं लागेल. आणि ब्रोंका त्याला सुखाने निवडू द्यायची नाही. या विचाराने त्याला इतकं हलकं वाटलं की झोप कधी लागली ते कळलंही नाही.

पोटावर हात ठेवून रोझालिया दारात उभी होती. "अगंबाई! काका? काकू? काय झालं?"

"माप घेतोय," ब्रोंका डोळे न उघडता म्हणाली.

"झोपून?"

"झोपूनच कळतं," क्लिमेक म्हणाला. त्याने डोळ्यांवर हात धरला होता. "ही खिडकी चुकली. चारचं ऊन थेट तोंडावर येतं. पाळण्याची कडी इथे नको, चुलीकडच्या तुळईला ठोकू."

"माझीही पाठ मोडून आलीये. पडू का जरा?"

दोघं म्हातारी एकमेकांकडे बघत राहिली. मग क्लिमेक भिंतीकडे सरकला, ब्रोंका त्याच्या बाजूला सरकली, आणि कातड्यावर पोटुशीपुरती जागा झाली.

"ये," ब्रोंका म्हणाली. "आता ये."