टोकन नंबर चारशे सतरा

ऑडिटला गेलं की दोन गोष्टी जमतात. एक, त्रुटींची यादी. ती टाईप होते, बांधली जाते आणि साहेबांच्या कपाटात जाऊन पडते. दुसरी गोष्ट म्हणजे किस्से. ते कपाटात जात नाहीत. जेवताना आठवतात, स्कूटीवर सिग्नलला थांबल्यावर आठवतात, आणि दरवेळी माझं डोकं नव्याने तापतं. मैत्रिणी म्हणतात, "अगं, किती वर्षं झाली, आता तरी हसून सोड!" हसते की. पण आधी चिडते.

हे सगळे किस्से एकाच कारखान्यातले, दोन हजार चार-पाचच्या सुमाराचे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मुख्य ऑफिस सातपूरला, प्लांट अंबडला आणि सिन्नरला. प्लांटमधली सगळी माहिती रोज पहाटे आपोआप उचलायची, साफसूफ करायची आणि सातपूरच्या एका मोठ्या सर्व्हरमध्ये ओतायची, अशी सिस्टिम त्यांनी बसवली होती. त्या साठ्याला म्हणायचं डेटा वेअरहाऊस आणि उचलण्या-ओतण्याच्या कामाला ईटीएल. ते काम नीट होतं का, हे मी तपासायचं होतं.

घाई होती, कारण एका माणसाची नोकरी टांगणीला लागली होती. सुकदेव डेर्ले, अंबडचे क्वालिटी इन्स्पेक्टर. सगळे त्यांना नाना म्हणायचे. सिस्टिमचा रिपोर्ट सांगत होता की गिऱ्हाइकाकडून परत येणारा सगळ्यात जास्त खराब माल नानांनी पास केलेला असतो. चोवीस वर्षांची नोकरी, आणि आता चौकशी. युनियनने विचारलं, "मशीन खरं बोलतंय कशावरून?" म्हणून मला बोलावलं.

"फॉर्मॅलिटी आहे हो मॅडम," कॉम्प्युटर विभागाचे मॅनेजर भामरे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले. "दोन आठवड्यांत सही करून टाका."

* * *

मी सिस्टिमची कागदपत्रं मागितली. भामरे साहेबांनी चार बोटं जाड फाईल अभिमानाने टेबलावर ठेवली. मला बरं वाटलं.

उघडली. आत उद्घाटनाच्या कार्यक्रमाची पत्रिका. निमंत्रितांची यादी. बसायची व्यवस्था, नकाशासकट. सर्व्हरला हार घालतानाचे फोटो, वेगवेगळ्या साहेबांचे वेगवेगळे. सिस्टिम कशी चालते यावर एक ओळ नाही!

"साहेब, यात नारळ कोणी फोडला ते आहे. प्रोग्राम कोणी लिहिला ते नाही."

"तो मुलगा पुण्याला गेला," भामरे म्हणाले. "पण हार अजून आपणच घालतो. दर दसऱ्याला."

* * *

रोज सकाळी सगळ्या साहेबांना एक मेल जायचा. 'लोड यशस्वी.' एकही दिवस खाडा नाही. भामरे साहेबांनी त्या मेलच्या प्रिंट काढून ठेवल्या होत्या.

मी तारखा लावून बघितल्या. मध्यंतरी रस्ता खोदताना अंबडची लाईन तुटली होती. चार दिवस तिथून एक अक्षर आलेलं नव्हतं. आणि चारही दिवस मेल होता, 'लोड यशस्वी'!

"हे कसं?" मी विचारलं.

"मेल लोडच्या आधी जातो ना."

"आधी? अहो, काम व्हायच्या आधीच यशस्वी?"

"नंतर पाठवायचो पूर्वी," ते शांतपणे म्हणाले. "पण मग कधीकधी जायचाच नाही."

मी पाणी प्यायले. दोन ग्लास.

* * *

ज्या नोंदी कुठेच नीट बसत नाहीत, त्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये पडायच्या. फोल्डरचं नाव, मी खोटं सांगत नाही, 'नंतर बघू'.

"कोण बघतं?"

"कोणी नाही. दर रविवारी आपोआप डिलीट होतो. स्वच्छता ठेवलीय मॅडम!"

* * *

मग मी अंबडला गेले. माहिती जिथे जन्माला येते तिथे गेल्याशिवाय माझा जीव राहत नाही.

तिथली पद्धत अशी. माल तपासला की इन्स्पेक्टरने एक छापील कार्ड भरायचं. कोणता भाग, कोणती शिफ्ट, किती नग, आणि शेवटच्या चौकटीत स्वतःचा टोकन नंबर, म्हणजे कंपनीतला आपला क्रमांक. माल परत आला की त्या नंबरावरून इन्स्पेक्टर शोधायचा. मी गठ्ठा चाळला. निम्म्या कार्डांवर ती शेवटची चौकट रिकामी! तेलाचे हात, शिफ्ट सुटायची घाई, आणि खरं सांगायचं तर आपलं नाव कशाला अडकवून घ्या.

कार्डं कॉम्प्युटरवर चढवणाऱ्या वाघबाई म्हणाल्या, "नंबर नसला का मी स्पेस मारते मॅडम. नायतर स्क्रीन पुढं सरकतच नाय."

"असं सगळेच करतात?"

"सगळे. एक नाना सोडून. नानांचं कार्ड आलं का डोळ्यांना आराम. छापल्यावानी अक्षर. एक चौकट सोडत नाय तो माणूस."

नाना तिथेच होते. सायखेड्याहून रोज बसने येणारा, खिशाला दोन पेनं लावलेला शांत माणूस. चौकशी लागल्यापासून त्यांना तपासणीवरून काढून खोकी मोजायला बसवलं होतं. मी विचारलं, "नाना, असं कसं झालं?" ते म्हणाले, "मी पास केलेला माल मी वळखतो ताई. परत आलेला त्यो माल माझा न्हवता. पण माझं कोण ऐकतंय? कॉम्प्युटरमधी आलंय म्हन्त्यात."

समोरच्या भिंतीवर 'उत्कृष्ट इन्स्पेक्टर' म्हणून एकाचा हार घातलेला फोटो होता. त्याचा एकही नग कधी परत आला नव्हता. वाघबाईंनी अक्षर ओळखून त्याची कार्डं काढून दिली. वर्षभरात एकदाही त्याने टोकन नंबर लिहिलेला नव्हता!

* * *

सातपूरला येऊन मी नानांचा रिपोर्ट महिनावार काढला. सगळ्यात वाईट महिना मे. मग हजेरीपट मागवला. मे महिन्यात नाना तीन आठवडे रजेवर! मुलीचं लग्न होतं.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून भामरे साहेबांना दाखवले. वाटलं, आता तरी खुर्चीवरून उडतील.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग मान हलवत म्हणाले, "बघा मॅडम. रजेवर असून एवढा खराब माल. कामावर असता तर काय केलं असतं या माणसाने!"

खरं सांगते, त्या दिवशी हातात पेपरवेट होता. मी तो खाली ठेवला, हे माझ्या आयुष्यातलं मोठं काम आहे.

* * *

त्याच दुपारी प्रोग्राममध्ये ती ओळ सापडली. टोकन नंबर रिकामा असेल तर तिथे ४१७ घाल. ४१७ म्हणजे नाना.

पुण्याला गेलेल्या त्या मुलाला फोन लावला. छान बोलला. "हो मॅम, रिकामं ठेवलं तर प्रोग्राम अडकायचा. कुठला तरी खरा नंबर लागत होता."

"मग हाच का?"

"नमुन्याला जी कार्डं दिली होती ना, त्यात तेवढं एकच नीट वाचता येत होतं. पूर्ण भरलेलं. म्हणून तोच घेतला. टेस्टिंगपुरता होता."

"मग काढला का नाहीस?"

"काढ असं कोणी म्हणालंच नाही."

"अरे, तो जिवंत माणूस आहे! त्याची नोकरी चालली आहे!"

तो म्हणाला, "ओह. मला वाटलं नुसता नंबर आहे."

मला रडू आलं. रागाने येतं तसं. ज्याने नीट काम केलं त्याचंच नाव त्यांनी घेतलं, आणि ज्यांनी केलं नाही त्यांची घाण त्यावर ओतली. रोज पहाटे. यशस्वीरीत्या.

* * *

अहवाल दिला. दुसऱ्या दिवशी प्लांटच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. चहा, बिस्किटं, एसी.

"उत्तम काम मॅडम. फक्त शब्द जरा मऊ करू. 'चूक' नको. 'सुधारणेस वाव' म्हणू. आणि ते डेर्लेचं प्रकरण वेगळं आहे, ते यात कशाला?"

मी म्हटलं, "सर, 'सुधारणेस वाव' शाळेच्या प्रगतिपुस्तकात लिहितात. इथे माणूस घरी चाललाय."

"सिस्टिमवर खूप लोकांची मेहनत आहे हो."

"नानांचीही चोवीस वर्षांची आहे."

शब्द बदलला नाही. चौकशी आटोपल्यावर मला त्या कंपनीने पुन्हा कधी बोलावलं नाही. बिस्किट मात्र मी खाल्लं, हे कबूल करते.

* * *

आणि हा किस्सा चौकशीच्या दिवसाचा.

चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वकील आले होते. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," इथूनच त्यांनी सुरुवात केली. मी ती ओळ दाखवली, हजेरीपट दाखवला, रिकामी कार्डं एकेक करून टेबलावर मांडली. टेबल भरलं. भामरे साहेब खिडकीबाहेर बघत होते. शेवटी वकिलांनी चष्मा काढला आणि लिहायला सांगितलं, आरोप सिद्ध होत नाही.

कोणी माफी मागितली नाही. एकानेही नाही! निकालाचा छापील कागद नानांपुढे सरकवला गेला. "सही करा आणि कामावर जा," मोठे साहेब घड्याळ बघत म्हणाले.

नानांनी खिशातून पेन काढलं. पण सही केली नाही. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सगळे ताटकळत बसले. साहेबांनी दोनदा खाकरून बघितलं. नाना ओळीवर बोट ठेवत खाली खाली आले, आणि अगदी शेवटच्या चौकटीपाशी थांबले. वर छापलं होतं, 'चौकशी अधिकाऱ्याचे नाव'. पुढे काहीच नव्हतं.

नानांनी कागद वळवला, तसाच वकिलांपुढे परत सरकवला, आणि त्यावर आपलं पेन ठेवलं.

"आधी तुमचं नाव भरा साहेब. रिकामं राह्यलं का माझ्या नावावर येतं."