बापाची बरणी

२०२२ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि गारखेड्यातलं आमचं हॉटेल तोवर माझ्या मर्जीनं एक दिवसही बंद राहिलं नव्हतं. करोनात सरकारनं लावायला लावलं ते कुलूप मी मोजत नाय. बापाला पुरलं त्या संध्याकाळीसुद्धा मी भट्टी पेटवली होती. हे मी गिऱ्हाइकांना लई वेळा सांगितलं, छाती काढून. आता सांगत नाय.

मी जन्मानं चिनी. पाच वर्षांचा असताना बापानं बोटीतून कलकत्त्याला आणलं आणि पंचविशीत आम्ही दोघं इथं आलो. शाळा तिसरीपर्यंत, तीही चिनी. मराठी अक्षरं मी हॉटेलचा बोर्ड रंगवणाऱ्याच्या शेजारी उभा राहून उचलली. शिकव म्हणून कुणाला म्हणालो नाय.

बायको पिशोरची. माहेर मेंढरं राखणारं. ती आमच्याकडं भांडी घासायला आली आणि माझ्याशी लग्न करून राहिली. तिच्या भावांनी आमचा उंबरा कधी ओलांडला नाय. आम्हाला मूल झालं नाय. चिरणं, धुणं, वाढणं तिचं, कढई माझी.

बापानं मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, भट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाय. दुसरी, पुरल्यावर सात वर्षांनी त्याला बाहेर काढायचं. आमच्या लोकांत तशी रीत आहे. थोरल्या मुलानं स्वतःच्या हातानं हाडं उचलायची, पुसायची, उन्हात वाळवायची आणि बरणीत भरायची. खाली पायाची, मग मांडीची, मग फासळ्या, सगळ्यात वर डोकं. माणूस आत बसलाय असं दिसलं पाहिजे. काढलं नाय तर तो खाली अंधारात वाट बघत राहतो. त्यासाठी बापानं गुडघ्याच्या वर येईल एवढी तपकिरी बरणी कलकत्त्याहून आगगाडीत मांडीवर धरून आणली होती.

सात वर्षं झाली त्या साली आम्ही शेजारचा गाळा घेत होतो. पुढच्या साली माझा हात भाजला. मग पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता एकतीस झाली. बरणी किचनच्या कोपऱ्यात रिकामी उभी. एक दिवस बायकोनं तीत व्हिनेगर ओतून मिरच्या घातल्या. मी बघितलं, पण काढायला लावलं नाय. त्या मिरच्यांसाठी लोक लांबून यायचे.

बापाला जागा किरिस्ताव लोकांनी दिली होती. त्यांचे पाद्री आमच्याकडं सूप प्यायला यायचे, म्हणून. तिथला राखणदार एका शनिवारी ऐन दुपारी दारात उभा राहिला. मी कढईवर होतो.

"बाबा, तुमच्या वडिलांच्या कबरीचं बोलायचं होतं."

"जेवलात का? बसा."

"बसत नाय. उद्या संध्याकाळी एक मयत आहे. जमीन भरली सगळी. जुन्या कबरी उघडायला लागल्यात, त्यात तुमची आली. उद्या सकाळी खोदणार. तुम्ही या, हाडं तुमच्या हातात देतो."

"उद्या नाय जमत. बजाजनगरची ऑर्डर आहे, पोराचा पहिला वाढदिवस. दीडशे ताटं."

"मयत थांबत नाय, बाबा."

"सोमवारी सकाळी सातला येतो. तोवर दुसरी बघा की एखादी. एवढ्या कबरी हायेत."

मी फ्राईड राईस आणि नूडल्सचं पार्सल बांधून हातात दिलं. त्यानं घेतलं. आमच्या धंद्यात पार्सल घेतलं म्हणजे बोलणं पक्कं झालं. मी तसंच समजलो.

संध्याकाळी बायको म्हणाली, "आवं, जा की उद्या. दीडशे ताटं मी काढते."

"तू? कढईवर?"

"चाळीस वर्षं बघतेय. म्हैस बांधली असती इथं तर ती पण शिकली असती."

"बापानं सांगितलंय, भट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाय."

"आणि हाडं काढायचं कुणी सांगितलं व्हतं? माझ्या बापानं?"

"सोमवारचं ठरलंय."

"तुमचं ठरलंय. त्याचं ठरलंय का?"

मी ताट सरकवून उठलो.

रविवारी पहाटे चारला भट्टी पेटवली. दीडशे ताटं वेळेत गेली. पोराच्या आजोबांनी फोन करून तारीफ केली. मी झोपलो, चांगला झोपलो.

सोमवारी मिरच्या पातेल्यात काढल्या, बरणी तीनदा धुतली, पांढरं कापड घेतलं आणि रिक्षात बरणी मांडीवर धरून कब्रस्तानात गेलो. बापाच्या जागेवर ओल्या मातीचा ढीग होता. वर झेंडूचे हार, कुणीतरी लावलेल्या मेणबत्त्या. त्याच्या नावाचा दगड काढून भिंतीला टेकवला होता.

राखणदार आला. माझ्या हातातली बरणी बघून त्यानं टोपी काढली.

"काल नऊ वाजेपर्यंत थांबलो, बाबा."

"हाडं?"

भिंतीजवळ एका खड्ड्यावर सिमेंटचं झाकण होतं. तो म्हणाला, ज्यांचं कुणी येत नाय त्यांची सगळी यात टाकतात. मी झाकण उचलायला लावलं. आत हाडं होती, एकमेकांत घुसलेली, वरची खालची काही कळत नव्हतं.

"बापाचा डावा पाय लहानपणी मोडला होता," मी म्हणालो. "वाकडा जुळला होता. मला उतरू द्या. मी ओळखीन."

"काल आणखी तीन कबरी काढल्या. वरून ओतली सगळी. काय ओळखणार?"

"शिडी द्या."

"या वयात उतरलात तर वर कोण काढणार तुम्हाला?"

त्यानं झाकण लावलं. मी बरणी शेजारी ठेवून त्या सिमेंटवर बसलो. भट्टीची वेळ झाली ते कळलं, तरी उठलो नाय. राखणदारानं चहा आणला, तो गार झाला. मी मेल्यावर मला कोण काढणार, असंही मनात आलं. पण ते नंतर. आधी मनात एवढंच होतं की तो एकतीस वर्षं वाट बघत होता आणि परवा माझ्या दारात बोलावणं आलं होतं.

तीन वाजता परत आलो. वाटलं होतं शटर खाली असंल. हॉटेल भरलेलं होतं. आत किचनमध्ये बायको कढईवर, पदर कमरेला खोचून, माझी पळी हातात. तिनं बरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि परत कढईकडं वळली.

मी बरणी आत ठेवून बाहेर आलो तेव्हा वीस वर्षं येणारे एक मास्तर तोंड पुसत उठले. "बाबा, आज नूडल्स एकदम जमलेत. हात आहे राव तुमचा."

मी व्हय म्हणालो.

म्हणजे रविवारी मी गेलो असतो तरी दीडशे ताटं निघाली असती. बजाजनगरच्या आजोबांनी तशीच तारीफ केली असती. माझ्या हाताची चव म्हणून मी जे एवढी वर्षं राखत बसलो, ते तिच्याकडं कधीचं होतं. मी बघितलं नाय, कारण मी तिला कढईसमोर उभंच राहू दिलं नाय. बापाची एक गोष्ट पाळली म्हणून मी ताठ चालत होतो. दुसरीची वाट लावली ती त्याच ताठपणानं.

त्या रात्री आम्ही दोघं जेवलो. ती एवढंच म्हणाली, "मिरच्या पातेल्यात हायेत. व्हिनेगरनं पातेलं जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी तिनं पेटवली. मी मागच्या दारात पाट घेऊन बसलो, मंडईतून आणखी दोन किलो मिरच्या आणल्या होत्या त्या एकेक करून चिरल्या, पातेल्यातल्या मिरच्यांत मिसळल्या आणि बापाची बरणी गळ्यापर्यंत भरून कोपऱ्यात ठेवली.