एका घरात तीन राखणदार

कुवेतमधल्या खैतानच्या आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर आला तो लेकीच्या अभ्यासासाठी, असं नवऱ्याने जाहीर केलं होतं. त्यावर अभ्यास किती झाला हे सांगायला गेले तर लेक अजूनही चिडते. मला त्यातल्या एकाच गोष्टीशी मतलब होता. त्यात माझ्या आईचा आवाज होता.

आई शाळेत गेलेली नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हा गावात फोन होता तो फक्त पोस्टात. तिथे चार माणसांदेखत लेकीशी बोलायचं तरी काय? मग कोकणातल्या पुष्कळ घरांसारखं आम्हीही कॅसेटवर बोलू लागलो. कोणी रत्नागिरीकडे निघालं की त्याच्या बॅगेत कॅसेट जायची. आई ती ऐकायची आणि भावाकडून त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून घ्यायची. परत येणाऱ्याबरोबर ती इकडे आली की मी ऐकायचे आणि पुन्हा तिच्यावरच बोलायचे. एकच कॅसेट सहा-सात वर्षं ये-जा करत राहिली. म्हणजे आईचं दरवेळचं बोलणं मी माझ्याच बोलण्याने पुसत होते. नवी कॅसेट का घेतली नाहीस, असं कोणी विचारलं की मला राग येतो. विचारणाऱ्याचा नव्हे, माझा.

शेवटचं बोलणं वाचलं ते माझ्या आळसामुळे. ड्यूट्या लागोपाठ होत्या, उत्तर आज भरू उद्या भरू करत दोन महिने गेले आणि आई गेल्याचा निरोप आला. मी वेळेवर उत्तर दिलं असतं तर तेही राहिलं नसतं. आळसाने माझं एवढं भलं केलं, आणि तरी त्या दोन महिन्यांबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढे एक्स-रे विभागातल्या एका मल्याळी सहकाऱ्याने वायर जोडून ती कॅसेट आमच्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून दिली. सगळं बोलणं त्याने एका फाइलीत घट्ट बांधलं. तिच्यावर क्लिक केलं की ती आपली आपण उलगडायची. बरं झालं, कारण वर्षभरातच टेपरेकॉर्डरने कॅसेटची फीत चावून टाकली. आता आई होती ती फक्त त्या फाइलीत. दुसरी प्रत करून ठेवावी हे आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

मग घरात इंटरनेट आलं आणि त्यामागून व्हायरसच्या बातम्या. कोणाचा कॉम्प्युटर आपोआप बंद पडत होता, कोणाची पत्रं भलत्यालाच जात होती. मी घाबरले. राखण करणारा प्रोग्राम कुठला टाकायचा, हे जो भेटेल त्याला विचारू लागले. एक्स-रेवाला म्हणाला, फुकट मिळतो तोच चांगला. नवऱ्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, फुकटाचं कधी चांगलं असतं का, पिवळ्या डब्यातला घ्या. लेकीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरचा तिसराच सुचवला आणि त्याची सीडीही दिली. नवरा म्हणाला, "एक काय तो ठरव आणि मोकळी हो."

पण लॅबमध्ये हयात गेलेल्या बाईला एका तपासणीवर भरवसा ठेवणं जमत नाही. शंका आली की आम्ही नमुना दुसऱ्या मशीनवर लावतो, मग तिसऱ्या माणसाला दाखवतो. मी तिन्ही प्रोग्राम टाकले. आईच्या आवाजाला तीन-तीन पहारेकरी बसवल्याच्या समाधानात त्या दिवशी मला छान झोप लागली.

त्यानंतर कॉम्प्युटर सुरू करून चहा टाकला तर चहा पिऊन होईपर्यंत तो तयार होत नसे. दर पाच मिनिटांनी लाल-पिवळ्या चौकटी उघडायच्या आणि धोका, धोका म्हणून ओरडायच्या. सुरुवातीला मी प्रत्येक चौकट वाचायचे. महिन्याभरात त्यांना मी आणि त्या मला विटल्या होत्या.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, मी बिरड्याचे वाल सोलत बसले होते. आतून लेक ओरडली, "आई, इट्स आस्किंग समथिंग!"

"काय विचारतंय?"

"डिलीट ऑर इग्नोर."

"मग डिलीट कर ना! एवढ्या-तेवढ्यासाठी मला काय विचारतेस?"

तिने केलं. जेवणं झाल्यावर मी नेहमीप्रमाणे आईला ऐकायला बसले तर फाइल जाग्यावर नव्हती. आपोआप उलगडणारी ती फाइल एका पहारेकऱ्याला संशयित वाटली होती आणि तिला घालवून द्यायचा हुकूम मीच दिला होता. मी लेकीवर ओरडले. ती रडत म्हणाली, "तूच सांगितलंस." खरंच होतं. मी तिची माफी मागितली नाही, फाइल शोधत एकेक फोल्डर पुन्हा पुन्हा उघडत बसले.

नवऱ्याने दहा जणांना फोन केले. सगळ्यांचं एकच औषध: फॉरमॅट मारा, सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. शेवटी त्याच्या ऑफिसातल्या एकाने हवल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला पाठवलं. तो दापोलीकडचा मुसलमान, चाळिशीचा, चष्म्याची एक दांडी टेपने चिकटवलेली. नवऱ्याने विंडोजची सीडी काढूनच ठेवली होती. "फॉरमॅटच मारून टाका," तो म्हणाला.

त्या माणसाने सीडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, आधी सांगा, यात असं काय हाय का, जे परत मिळणार नाय?"

दहा जणांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. मी पदराने तोंड झाकून रडायला लागले. मग नवऱ्यानेच त्याला कॅसेटची सगळी हकीकत सांगितली. तो कॉम्प्युटर सुरू करून बराच वेळ बघत बसला आणि एकाएकी हसला.

"एका शिवेवर तीन राखणदार बसवलेत काय ताई? हे एकमेकांनाच चोर समजून धरणार."

गावाच्या शिवेला राखणदार एकच असतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण अक्कल विकत घेतल्याशिवाय येत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

त्याने मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. म्हणाला, तुम्ही पुसायला सांगितलं तरी यातला एक प्रोग्राम लगेच पुसत नाही, संशयिताला काही दिवस कोठडीत ठेवतो. त्याने कोठडी उघडली. आत नावांची लांबलचक यादी होती, आणि तिच्यात आमची फाइल. फॉरमॅट मारला असता तर ती कोठडीसकट गेली असती. त्याने ती बाहेर काढली, तपासली आणि चालू केली.

"बाय माजे, कशी हायस?" आई म्हणाली. "त्या पंख्याखाली बसू नको, सर्दी हुते तुला."

मी त्या परक्या माणसाचे दोन्ही हात धरले. तो इतका संकोचला की चहा अर्धा टाकून उठला. उठण्यापूर्वी त्याने दोन प्रोग्राम काढून टाकले. त्याआधी कुठला ठेवायचा म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "ज्याचं बोलणं तुम्हाला समजतं, तो ठेवा. आणि विचारलं की वाचा. घाईत बटन दाबणाऱ्याला कुठलाच वाचवणार नाय." फाइलीच्या दोन सीड्या करून दिल्या. एक घरी, एक लॅबच्या कपाटात. एका जागी ठेवलेलं म्हणजे नसल्यातच जमा, असं त्याचं म्हणणं.

दारात चपला घालताना तो थांबला. "माझी अम्मा हाय अजून गावाला. आठ वर्षं झाली, फोनवरच बोलतो. पण ठेवलेला असा आवाज नाय माझ्याकडं."

पुढच्या सुट्टीवरून आला तो आमसुलांची पिशवी आणि एक सीडी घेऊन. "अम्माचा आवाज हाय यात. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ऱ्हाऊ दे, ताई. आमच्या खोलीत सहा जण. कोण कधी काय पुसंल, सांगता येत नाय." मी ती आईच्या फाइलीशेजारी ठेवली. या देशाने मला पगार दिला, घर दिलं, पण कोणी विश्वासाने काही सांभाळायला दिलं ते हेच. मला फार बरं वाटलं.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी तो न कळवता आला. दार उघडताच त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. गावी जायला विमान मिळेपर्यंत सगळं उरकून गेलं होतं. मी त्याची फाइल लावून दिली, लेकीला बाहेर बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

आतून म्हातारीचा खोकला ऐकू आला. मग ती म्हणाली, "जेवलास का रे?"

"जेवलो गो अम्मा," तो आतून म्हणाला. तो जेवलेला नव्हता. मी त्याचं ताट वाढायला घेतलं.