मागच्या चटईवरची जयवंताबाई

“मी अजून कच्चीच हावो, पास्टरसाहेब, मले मागंच बसू द्या.”

जयवंताबाई असं म्हणाली तेव्हा शामरावांना हायसं वाटलं होतं. चर्चमधल्या पुढच्या खुर्च्या वडिलांसाठी होत्या, म्हणजे मंडळीत जी माणसं विश्वासात पिकली आहेत त्यांच्यासाठी. म्हातारीचं वय पाहून विचारणं भाग होतं, म्हणून त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली आणि मागच्या चटईवर जाऊन बसली. प्रश्न सुटला.

चर्च भीमपूरच्या बाजूला, कापसाच्या रानाला लागून. वर पत्रा, खाली चटया. शामराव आदिलाबाद शहरातल्या नोकरदार घरातले, बायबलचं शिक्षण घेऊन इथे पास्टर म्हणून आलेले. विश्वासातली पक्वता हा त्यांचा आवडता विषय. त्यावर बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे पुढच्या खुर्चीवर बसणारे नागोराव असत. नागोराव उपास करत, वचनं त्यांना तोंडपाठ होती, आणि ते प्रार्थनेला उभे राहिले की छत घुमे आणि आढ्यावरची कबुतरं उडून जात.

“नागोभाऊ, देवाले आयकू येते,” एकदा रविवारची भक्ती सुटल्यावर चपला घालता घालता जयवंताबाई म्हणाली, “पन त्या कबुतरीनं अंडे घातले हायेत. जरा हळू.”

बाया हसल्या. नागोराव हसले नाहीत.

जयवंताबाई वांगी, मेथी लावायची आणि बाजारात नेऊन विकायची. साक्षीच्या रविवारी लोक उभे राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगत. कुणाचा ताप उतरलेला असे, कुणाची हरवलेली म्हैस सापडलेली असे. जयवंताबाईची साक्ष वेगळीच होती.

“माह्या मालकाच्या पोटात गाठ होती. दवाखान्यातली सिस्टरबाई रोज येऊन प्रार्थना करे. तरी रामाजी गेले. मंग ते बाई माह्यासंगं गावात आली, मयतीच्या घरात माह्याजवळ बसली. काई बोलली नाई. म्हून मी येशूची झाली.”

आणि ती खाली बसली. ‘आमेन’ म्हणायचं की नाही हे कुणाला कळेना. नंतर शामरावांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, की बाहेरचे पाहुणे असतात तेव्हा ही साक्ष नको, नव्या माणसाचा विश्वास डळमळतो. “बरं,” ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी आणलेली मेथीची जुडी त्यांच्या हातात दिली.

पुढे तुळशीची गोष्ट झाली. जयवंताबाईची सून दीपमाला हिंदू घरातली. तिनं अंगणात तुळस लावली होती, आणि ती माहेरी गेली की जयवंताबाई त्या तुळशीला पाणी घालायची. नागोरावांनी ते पाहिलं आणि पास्टरांच्या कानावर घातलं. पास्टरांनी तिला विचारलं.

“मंग काय वाळू देऊ?” ती म्हणाली. “आल्यावर पोरगी काय म्हनन मले?”

बायकांच्या प्रार्थनामंडळाचं पुढारपण तिच्याकडे होतं; ते काही दिवस दुसऱ्या कुणाकडे देऊ, असं शामरावांनी सुचवलं.

“द्या नं. मले गाता बी कुठं येते.”

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत मोडून सगळ्यांनी तुकडा तुकडा खायची भाकर करण्याचं काम तेवढं तिच्याकडे राहिलं. बिनखमिराची, गव्हाची, जाड. बाया चिडवत, “काकू, तुमची भाकर मोडता मोडता पास्टरसाहेबाले घाम फुटते.” तेही काम काढून घ्यावं असं शामरावांच्या मनात येऊन गेलं होतं, पण दुसरं कोणी पुढे येईना.

मग सपनाचं प्रकरण उभं राहिलं. सपना ही नागोरावांची एकुलती मुलगी. नेरडीगोंड्याच्या दुकानदार हिंदू घरात तिनं आपल्या मनानं लग्न केलं होतं, आणि नागोरावांनी मोठ्या कष्टानं ते पचवलं होतं. महिन्याच्या प्रभुभोजनाला ती न चुकता माहेरच्या चर्चला यायची, कडेवर पोरगा घेऊन. आता पोरगा शाळेत जायचा झाला, तेव्हा सासरच्यांनी जीप करून त्याला बासरला नेलं. देवी सरस्वतीपुढे ताटातल्या तांदळात लेकराच्या बोटानं पहिलं अक्षर काढायचं, ही तिकडची रीत. सपनानं त्याचा फोटो मोबाइलवर लावला आणि तो फिरत फिरत मंडळीत आला. पोराचं बोट तांदळात, त्याचा हात धरलेले सासरे, आणि बाजूला सपना, हसरी.

तो फोटो पास्टरांना नागोरावांनीच आणून दाखवला. 

“दुसऱ्याची पोरगी असती त मी तिले उभी केलीच असती,” ते म्हणाले. “माही हाये म्हून सोडलं, त मले त्या खुर्चीवर बसाचा हक नाई, साहेब.”

शामरावांना वाटलं, पिकलेला माणूस तो हाच. या चर्चची जुनी शिस्त होती. चुकलेल्यानं भाकर मोडण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल करायची. केली नाही, तर त्याला भाकर नाही. येत्या रविवारी सपनाला उभं करायचं ठरलं.

शनिवारी जयवंताबाई पास्टरांच्या दारात आली.

“सपनाले कोनी सांगतलं का?”

“नागोराव सांगतील.”

“त्याच्यानं होत नाई. दोन डाव फोन लावला आन भाव काय हाये सोयाबीनचा, तेच बोलला.” ती उंबऱ्यावर टेकली. “मी भाकरीचं इचाराले आली. केवढी करू?”

“नेहमीएवढी.”

“सपनाचा तुकडा धरून का सोडून?”

शामरावांनी उपदेशाची वही पुढे ओढली. ती उठून चालू लागली.

रविवारी सपना आली. पोरानं दारात लाल चपला काढल्या आणि तो आईला चिकटून बसला. उपदेश झाला, गाणं झालं. शामरावांनी नाव घेतलं, ती उभी राहिली आणि त्यांनी बासरच्या फोटोचं काढलं. काय चाललंय ते तिला हळूहळू उमगत गेलं.

“मी हात जोडले नाई, बाबा,” ती वडिलांकडे पाहून म्हणाली. “मी बाजूनं उभी होती.”

“उभी तरी काऊन होती?”

“माहं लेकरू पयलं अक्षर लिवून राह्यलं होतं.”

पत्रा उन्हानं तडतडला. नागोरावांचा छत घुमवणारा आवाज आता शेजारच्यालाच ऐकू जाईल एवढा उरला होता. “चूक झाली म्हन, बाई, आन बस.”

“दुसरं काईबी कबूल करतो. लेकराजवळ उभी राह्यली हे चूक झाली, असं नाई म्हनता येत.”

तिनं शामरावांकडे पाहिलं. त्या वेळी ते एखादा शब्द बोलू शकले असते. त्यांनी डोळे मिटले, प्रार्थनेत मिटतात तसे. उघडले तेव्हा पोराला कडेवर घेऊन ती दाराबाहेर पडली होती.

शिस्त पाळली गेली होती. चर्चमधली हवा मात्र तोंडात धरलेल्या पाण्यासारखी झाली होती, गिळताही येईना आणि थुंकताही येईना. शामरावांनी मागे पाहून खूण केली. जयवंताबाई पांढऱ्या कापडाखाली ताट घेऊन पुढे आली आणि तिनं ते मेजावर ठेवलं. शामरावांनी कापड बाजूला केलं. भाकर नेहमीएवढीच होती.

त्यांनी ती उचलली. अंगठे मधोमध टेकवले आणि तसेच राहू दिले.

जयवंताबाई मागच्या चटईकडे गेली नाही. ती नागोरावांच्या खुर्चीजवळ थांबली. ते आपल्या पंजांकडे पाहत बसले होते. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो खांदा हलायचा थांबेपर्यंत ठेवला. मग ती दारापाशी गेली. लाल चपला तिथेच राहिल्या होत्या. संक्रांतीच्या बाजारात नागोरावांनी नातवासाठी घेतल्या होत्या त्या. खुर्चीवरून त्यांनी त्या पाहिल्या. बाहेर धुरळा तापलेला होता, आणि रस्त्याच्या वळणावर सपना पोराला घेऊन ऑटोची वाट पाहत उभी होती.

शामराव भाकर हातात धरून उभे होते. जयवंताबाई गुडघ्यांवर हात देऊन वाकली, त्या चपला तिनं उचलल्या, एकमेकींवर आपटून त्यांची माती झाडली, आणि ती उन्हात वळणाकडे निघून गेली.