कारणाच्या रकान्यात

"आधी गोमूत्र शिंपडा. मग बटण दाबा."

काकासाहेब माझ्याकडं न बघता बोलले. मी दोन हात लांब उभी होते. हातात टेस्टर. समोर मी जोडलेलं बॉयलरचं पॅनेल, दार सताड उघडं. आठ दिवस मी त्या पेटीत डोकं घालून काढले होते. एकेक वायर मापून कापली, टोकाला नंबर घातला, पट्टीत ओळीनं आवळली. आणि आता ते पॅनेल बाटलं होतं. कुणामुळं? माझ्यामुळं.

कोपरगावच्या बाजूची खाजगी दूध डेअरी. नाव सांगत नाही. नाव घेतलं तर तेवढी एक वाईट ठरेल आणि बाकीच्या सुटतील. काकासाहेब म्हणजे मालकाचे चुलते, कारभार सगळा त्यांच्याच हातात. पहिल्या दिवशी त्यांनी माझं काम वाकून वाकून बघितलं. म्हणाले, "पोरीच्या हाताला लई शिस्त हाय." खोटं कशाला बोलू, मी फुलून गेले. आईला फोन करून सांगितलं. आठव्या दिवशी चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "मिरजगावकडची म्हनतीस. घर कुठल्या भागात?" मी सांगितलं. आमच्या वस्तीचं नावच असं आहे की पुढं काही विचारावं लागत नाही. त्यांनी कप खाली ठेवला. "बरं, बरं," म्हणाले. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर पेटवायचा होता. मी गेले तर पूजा मांडलेली, आणि तात्यांच्या हातात तांब्या.

तात्या बॉयलर सांभाळायचे. साठीला टेकलेले, शेतकरी घरातले. आठ दिवस रोज मला "ताई, जेवलीस का?" म्हणून विचारणारे. बॉयलरपासून पाच पावलांवर त्यांची लाकडी खुर्ची. दिवसभर माणूस तिथंच.

मी म्हणाले, "तात्या, थांबा. दार लावू द्या. आत ओल जाईल."

"तू बाजूला हो. तुझं काम झालं." हे काकासाहेब.

तात्यांनी आंब्याचा डहाळा बुडवून दारावर शिंपडलं. काकासाहेबांचं तेवढ्यानं भागेना. "आतून घे की. हात आतच लागलाय तिचा." मग तात्यांनी तांब्याच कलता केला.

मी काय केलं? काही नाही. बाजूला झाले. डेअरीचे सात-आठ लोक उभे होते, त्यांच्यादेखत मी माझे दोन्ही हात पाठीमागं लपवले. जसं काही घाण हातांनाच लागली होती. काकासाहेबांचा राग येतोच. पण त्या लपवलेल्या हातांचा जास्त येतो, अजून येतो.

नारळ फुटला. बर्नर पेटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पेढा मिळाला तो स्टुलावर, कागदाच्या तुकड्यावर ठेवून. मी तो तिथंच राहू दिला.

शेवटची चाचणी बाकी होती. ती काय असते ते सांगते. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की बर्नर आपोआप बंद पडला पाहिजे. नाही पडला, तर आतला पत्रा कोरडा तापतो, आणि तापल्या पत्र्यावर पाणी आलं की बॉयलर फुटतो. म्हणून आत लोखंडी कांड्या सोडलेल्या असतात. पाणी कांडीला टेकलं की बारीकसा करंट जातो, पॅनेलला कळतं, पाणी आहे. पाणी उतरलं की करंट तुटतो, बर्नर बंद आणि भोंगा चालू. त्या कांड्यांच्या वायरी मीच जोडलेल्या. आदल्या दिवशी तपासलेल्या, चोख.

काकासाहेब म्हणाले, "आता कशाला? पेटलाय की."

"चाचणी झाल्याबिगर मी जात नसते," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

तात्यांना खालचा व्हॉल्व्ह खोलायला लावला आणि मी काचेच्या नळीकडं बघत राहिले. पाणी उतरलं. लाल खुणेवर आलं. खुणेखाली गेलं. बर्नर धडधडतोय. भोंगा गप्प. पॅनेलवर हिरवा दिवा, पाणी आहे! मी झेप घेऊन लाल बटण मारलं. बर्नर विझला. तात्या तोवर निवांत आपल्या खुर्चीत जाऊन बसले होते.

दार उघडून बॅटरी मारली. वायरींच्या पट्टीवर पिवळट ओल. कांड्यांच्या वायरी आणि अर्थिंगची वायर, दोन्हींच्या मधोमध. गोमूत्र खारट, त्यातून करंट पाण्यापेक्षा झकास जातो. बॉयलरमध्ये पाणी नव्हतं. पॅनेलला जे पाणी दिसत होतं, ते तांब्यातलं होतं.

पट्टी पुसली, वाळवली. बॉयलर निवल्यावर पाणी भरून पुन्हा चाचणी घेतली. खुणेवर भोंग्यानं असा ठणाणा केला की दूध उतरवणारे गडीसुद्धा बघायला आले.

मला वाटलं, आता तरी. छे! काकासाहेबांनी बॉयलरचं रजिस्टर माझ्यापुढं टाकलं. "पैल्याच दिवशी बंद पडला. नोंद लागती. लिही, वायरिंगमधली चूक, दुरुस्त केली. सही कर."

मी ज्याच्या हाताखाली काम करत होते त्या ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "कर ना सही, ताई. मोठी मान्सं हायेत. अशी नडलीस तर पुढं तुला कोन बोलवंल?"

त्याचं खरं होतं. वायरिंग चुकलं अशी माझ्या सहीची नोंद झाली की बॉयलरच्या कामावर मला कुणी उभं करणार नव्हतं. आणि नडले तरी तेच. पेन उघडलं. रजिस्टरला तीन रकाने. तारीख. वेळ. कारण.

त्या तिसऱ्या रकान्याकडं बघताना मला आमची गाय आठवली. मी चौथीत असताना वडिलांनी घेतलेली, काळी, कपाळावर टिकली असलेली. वडील पहाटे उठून दूध काढायचे आणि गावच्या दूध केंद्रावर न्यायचे. रोज दूध परत. कार्डावर रोज एकच शेरा, 'फॅट कमी'. थेंबभर पाणी घातलेलं नसायचं. केंद्रावरचे लोक मापही न लावता लिहायचे. वडील कार्ड घडी करून खिशात ठेवायचे. आणि मी, मूर्ख पोरगी, त्या गायीवर रुसायची. तिला म्हणायची, नीट खात जा गं, आपलं दूध पातळ पडतं. किती वर्षं मला वाटत होतं, खोट आमच्या गायीत आहे.

आमच्या खोटीची नोंद कायम दुसरंच कुणी करत आलं. या वेळी पेन माझ्या हातात होतं.

लिहिलं: 'पॅनेलच्या आत गोमूत्र ओतल्यामुळे कांड्यांच्या वायरी शॉर्ट. पाणी नसताना पाणी दाखवले. वायरिंग बरोबर.'

काकासाहेब वाकून वाचत होते. हसले. "का वतलं, त्येबी लिव्ह की मग!"

लिहिलं: 'वायरिंग करणारीच्या जातीमुळे.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट. सही.

हसू गेलं. मी तात्यांकडं वळले. "तात्या, तुमी सगळं बघितलंय. साक्षीला सही करा."

तात्या जमिनीकडं बघत म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाई, ताई. मी निस्ता तांब्या धरला."

"फुटला असता तर त्या खुर्चीत तुमीच हुता की वं!"

त्यांनी खुर्चीकडं बघितलं. त्यांना कळलं होतं, चांगलं कळलं होतं. पण पेन घेतलं नाही. काकासाहेबांनी ते पान टर्रकन फाडलं, चार तुकडे केले आणि माझ्या पायाशी टाकले.

मी तुकडे उचलले नाहीत. पिशवीतून काळा मार्कर काढला, पत्र्यावर खुणा करायचा, सहजी न पुसणारा. पॅनेलचं दार उघडून आतल्या बाजूला ती नोंद शब्द न शब्द लिहिली. तारीख, वेळ, कारण, नाव. कुणी धावून आलं नाही. पुसायचं तर त्यांना आत हात घालावा लागेल, जिथं माझा लागलाय.

ठेकेदारानं त्यानंतर मला बोलावलेलं नाही. तात्यांचा एकदाही फोन नाही. मिळतील ती लहानसहान कामं करते. पण जे पॅनेल जोडीन त्याच्या दाराआड माझं आडनाव असतं, आणि चाचणी होईपर्यंत किल्ली माझ्याच खिशात. पूजा करायची तर बाहेरून करा. मी बाजूला होणार नाही.