सलीममामांचा हिरवा बारकोड

शिरूरच्या सलीममामांच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायला दिली की मामा आधी नवरा-नवरीची नावं मोठ्यानं वाचत आणि मग बजावत, "काळी शाई मागायची न्हाई. शुभकार्य हाय." या बाबतीत ते आम्हा हिंदूंपेक्षा कडक. माझ्या लग्नात मी हौसेनं काळा सूट शिवला होता. मामांनी भर मांडवात विचारलं, "नवरदेव, आज कोर्टात तारीख हाय का?"

केंदूरच्या माझ्या वहिनीनं मसाल्याचा धंदा काढला आणि पुण्यातल्या एका मोठ्या दुकानानं माल ठेवायचं कबूल केलं, तेव्हा पाकिटांची छपाई अर्थातच मामांकडे आली. पहिलाच माल, म्हणून त्यांनी नावासकट बारकोडही कुंकवासारखा लाल छापला. देखणा दिसला. दुकानातलं यंत्र मात्र तो वाचेचना. सगळा माल परत आला, वर निरोप : पुढच्या खेपेला असंच झालं तर तुमचा मसाला बंद.

वहिनीचं तोंड उतरलं. "रेघा जरा जाड करा," मी ज्ञान पाजळलं.

"छपाईचं माझ्यावर सोडा. तुमी आपलं लग्नात जेवायला येत जा, साहेब," मामा म्हणाले.

गावातल्या एका दुकानदाराकडे तसलंच यंत्र आलं होतं. मामा तिथं जाऊन बसले. यंत्राचा उजेड लाल, त्यात लाल रेघा कोऱ्या कागदासारख्याच, हे त्यांनी हुडकून काढलं.

"मग काळाच छापा, मामा. मला चालतंय," वहिनी म्हणाली.

"मला न्हाई चालत. लेकीचा पहिला माल हाय. गडद हिरवा करू. चुड्याचा रंग, तुमच्यात बी शुभ, आमच्यात बी."

छापलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातलं पाकीट काढून ते त्या यंत्रापुढं धरू लागले. दुकानदार वैतागला, "मामा, गिऱ्हाईक खोळंबलंय!"

"थांबू दे. आमची पोरगी पुण्याला चाललीया."

माल घेऊन आम्ही तिघं पुण्याला गेलो. गल्ल्यावरच्या मुलीनं पाकीट यंत्रासमोर धरलं. वहिनीनं माझा दंड असा आवळला की हात सुन्न झाला. 'टीं' वाजलं आणि पडद्यावर मसाल्याचं नाव उमटलं.

"बाई, परत एकदा लावा," मामा म्हणाले. पुन्हा 'टीं'. मग आणखी एकदा.

रांगेतल्या माणसानं विचारलं, "आजोबा, काही बिघडलंय का?"

"न्हाई वो," मामा छाती काढून म्हणाले, "आयकतोय."