न चमकलेली नळी
वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह उघडला की येणाऱ्या उकडलेल्या वासाने मला नव्वदच्या दशकातली जळगावची आमची प्रयोगशाळा आठवते. पाण्यात पारा असला तर हिरवे चमकतील असे जिवाणू आम्ही चमकणाऱ्या जेलीफिशचं जनुक घालून तयार केले होते. एका सकाळी धुळ्याकडच्या खेड्यातून एक अक्का बाटलीभर पाणी घेऊन आल्या. त्यांच्या विहिरीत कुणीतरी बियाण्याला लावायच्या पाऱ्याच्या औषधाचा डबा धुतला होता आणि घरात लेक बाळंतीण होती. मी त्यांचं पाणी आमच्या जिवाणूंच्या नळीत घातलं आणि दुपारपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. मग खिडकीला काळं कापड लावून मी अतिनील दिवा लावला. आम्ही मुद्दाम पारा घातलेली नळी हिरवीगार दिसली, अक्कांची मात्र तशीच राहिली. इतक्या महिन्यांनी खऱ्या विहिरीचं पाणी मिळालं आणि तेही चमकलं नाही, म्हणून माझा चेहरा पडला. तो पाहून अक्का बाकावरून उठून जवळ आल्या. “काय व्हयनं पोरी? इख शे का पानीमा?” “नाही हो अक्का, विष नाही, पारा नाहीये!” मी घाईघाईने म्हणाले. पदराने डोळे पुसत त्यांनी माझ्या नाराजीचं कारण विचारलं, “मंग तू काब्र नाराज व्हयनी?” मी दिवा बंद केला आणि खिडकीवरचं काळं कापड काढायला लागले. आज मी त्यांच्या वयाची झाले आहे, आणि तेव्हा खरं सांगून त्यांची माफी मागायला हवी होती असं वाटतं.